घरात पैशाचा विषय निघाला की सगळे गप्प का होतात?

जुळेसोलापूरची
मागच्या महिन्यात माझे चुलत सासरे गेले. तेरावं झाल्यावर कपाट उघडलं, तर साड्यांच्या दुकानाच्या एका पिशवीत दोन पतसंस्थांच्या ठेवपावत्या, एक जुनी विमा पॉलिसी आणि कोणाच्या तरी कर्जाला जामीन राहिल्याचा कागद निघाला. काकूंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांचा संसार, आणि नवऱ्याने कोणासाठी सही केली होती हे त्यांना पिशवीतून कळलं.

तेव्हापासून माझ्या डोक्यातून हा विषय जात नाही. आमच्या घरी माझे सासरे आहेत, मिलमध्ये आयुष्य गेलं त्यांचं. "बाबा, तुमचं कुठे काय आहे ते एकदा लिहून ठेवू या का?" असं विचारलं की ते टीव्हीचा आवाज वाढवतात. नवरा म्हणतो, "तू कशाला विचारतेस? त्यांना वाटेल आपला डोळा आहे त्यांच्या पैशावर." आणि हाच माणूस नवी पेठेत उभा राहून कुणाशीही सोन्याच्या भावावर अर्धा तास बोलतो. जागेचे दर, कांद्याचा भाव, अमक्याच्या लग्नात किती उडाले, सगळं बोलतो आपण. मग स्वतःच्या पैशाचं, तेही घरच्याच माणसांत, का बोलता येत नाही? तुमच्याकडे कसं आहे? मनापासून विचारतेय.

कडकभाकरी
आमदाराची मालमत्ता प्रतिज्ञापत्रात वाचायला मिळते, नवऱ्याची मिळत नाही. ताई, मिस्टरांना एकदा निवडणुकीला उभं करा. 😄

निवृत्त_बँकवाला
ताई, तुमच्या काकूंसारख्या बायका मी नोकरीत कितीतरी पाहिल्या. नवरा गेल्यावर पासबुकांचा गठ्ठा घेऊन यायच्या आणि काउंटरवर ठेवून म्हणायच्या, "साहेब, यात काही आहे का बघा." आमच्याकडे एखादं खातं सापडायचं, पण दुसऱ्या बँकेत काय आहे ते आम्हाला कुठून कळणार?

ठेवीला दहा वर्षं कोणी हात लावला नाही की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत भरते. पैसे बुडत नाहीत, वारस कधीही मागू शकतो. पण मागायला आधी माहीत तर पाहिजे! ऑगस्ट 2023 पासून 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे, त्यावर नाव आणि पॅनसारखा तपशील टाकून बेवारस ठेवी शोधता येतात. मात्र ते बँकांपुरतं. पतसंस्थेतल्या ठेवी तिथे दिसणार नाहीत. त्या पावत्या पिशवीत सापडल्या हे नशीब म्हणा.

दुसरं, नॉमिनी लावला म्हणजे काम झालं असं लोक समजतात. बँकेच्या ठेवीत नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा माणूस, वारसांचा हक्क त्याने संपत नाही. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. तेव्हा "कोणाचं नाव लावू, दुसऱ्याला राग येईल" ही अडचण आता राहिलेली नाही.

यंत्रमाग_अक्कलकोटरोड
आमच्या धंद्यात न बोलण्याला कारण आहे, ते आधी ऐका.

सूत उधारीवर येतं. व्यापारी थांबतो तो आमच्या तोंडाकडे बघून. ऑर्डर नाही, निम्मे माग बंद आहेत असं चहाच्या टपरीवर एकदा बोलून गेलो की संध्याकाळच्या आत फोन येतो, "शेठ, जरा मागची बाकी बघा की." पुढचं सूत रोखीने. म्हणजे अडचण नव्हती तिथे बोलल्यामुळे अडचण येते. बरं, चांगलं चाललंय म्हणालो तर पाहुणे हातउसने मागायला येतात. म्हणून कोणी विचारलं की एकच शब्द, "चाललंय." टॉवेलवाला असो, चादरवाला असो, एमआयडीसीत कोणालाही विचारा, हेच ऐकाल.

आणि हीच सवय कारखान्यातून घरात येते. माझे वडील लाल कापडी वही ठेवायचे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. लक्ष्मीपूजनाला त्या वहीवर आई हळदकुंकू वाहायची, आम्ही पोरं नमस्कार करायचो. पण वही उघडून आत बघायचं ते फक्त वडिलांनी. आई शिकलेली होती, आकडे मोडायला माझ्यापेक्षा पटाईत. तिने कधी मागितली नाही आणि त्यांनी कधी दिली नाही. यात वडिलांचा दुष्टपणा होता असं मला नाही वाटत. धंदा खाली गेलेला बायकोला कळू नये, तिला घोर लागू नये, एवढंच असावं.

स्मिता_होटगीरोड
>> तिला घोर लागू नये

दादा, घोर लागायचा राहतो का? माझ्या घरी तोच प्रकार होता. न सांगितल्यामुळे मी रात्रभर जास्तीत जास्त वाईट तेच धरून चालायची. खरा आकडा कळला तेव्हा उलट झोप लागली.

झाकलीमूठ
मी विरोधात लिहितोय, राग मानू नका.

झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण उगाच नाही आली. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा किती रक्कम मिळाली ते सख्ख्या मेहुण्याला सांगितलं. आठवड्याच्या आत पाहुण्यापाहुण्यांत आकडा फिरला, तोही दुप्पट होऊन. एकाला बोअर मारायची होती, एकाच्या मुलीचं लग्न, एकाला हप्ता थकला होता. सगळ्या गरजा खऱ्या होत्या, खोटं कोणीच बोलत नव्हतं, आणि तीच पंचाईत. खोटं बोलणाऱ्याला नाही म्हणता येतं. खऱ्या गरजेला नाही म्हटलं की माणूस तुटतो. तीन घरांशी आज बोलणं नाही आमचं. दिले त्यातलेही दोघं आता तोंड चुकवतात, कारण परत करता येत नाहीत.

मोकळेपणा चांगला असं म्हणणं सोपं आहे. आपल्याकडे आकडा सांगणं म्हणजे मागणाऱ्याला तारीख देणं.

कडकभाकरी
झाकलीमूठ साहेब, मेहुण्याला सांगितलं तिथेच मूठ उघडली की हो. 😄

जुळेसोलापूरची
@झाकलीमूठ, राग कशाचा? पण मी पाहुण्यांना सांगायचं म्हणत नाहीये. तुमच्या मिसेसना आणि मुलांना माहीत आहे का सगळं?

झाकलीमूठ
मिसेसना माहीत आहे. मुलांना नाही. मुलांना कळलं की ती आपल्या जोरावर उड्या मारतात.

पूर्वभागातली
आमच्याकडे लहानपणी सगळं उलटं होतं म्हणून लिहिते.

अम्मा बिड्या वळायची. दुपारनंतर ओट्यावर गल्लीतल्या बायका मांडीवर सूप घेऊन बसायच्या. बोटं चालू, तोंड चालू. आज कोणाच्या किती झाल्या, कारखान्यात कोणाची किती छाट काढली, म्हणजे किती बिड्या खराब म्हणून बाजूला टाकल्या, कोणाच्या नवऱ्याने आठवड्याचा पगार कुठे घालवला, कोणाचा भिशीचा नंबर लागला, सगळं मोठ्याने, अर्धं तेलुगूत अर्धं मराठीत. मजुरी हजार बिड्यांवर आणि दर सगळ्यांना एकच. मग लपवायचं काय? छाट जास्त निघाली तर शेजारीण आपल्यातल्या दोन जुड्या काढून द्यायची आणि तेही सगळ्यांसमोर. 2006 मध्ये कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तिथल्या बायकांनी आपला वाटा बिडीच्या मजुरीतून भरलाय. कोणाचे किती भरून झाले आणि कोणाचे राहिले हे गल्लीला पाठ होतं, आणि त्यात कोणाला लाज वाटत नव्हती.

गप्प बसणं सुरू झालं ते मी नोकरीला लागल्यावर. माझा पहिला पगार कळला आणि अम्मा, जी आयुष्यभर ओट्यावर सगळं सांगत आली, ती शेजारणींना आकडा सांगेना. "कंपनीत आहे, बरं देतात," एवढंच. मी विचारलं तर म्हणाली दृष्ट लागेल. पण मला वाटतं तिला त्या बायकांच्या पंगतीतून उठायचं नव्हतं. सगळ्यांचं सारखं असतं तोवर बोलता येतं. एकाचं पुढे गेलं की त्याची जीभ अडते.

हिंजवडीचा_सोलापुरी
पूर्वभागातली ताई, एकदम खरं बोललात.

मी जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला घरी येतो तेव्हा हीच कथा. शाळेतली पोरं भेटतात, पहिला प्रश्न, "काय बे, किती पॅकेज?" मी म्हणतो, "भागतंय की." कारण समोरचा माझ्याच बाकावर बसलेला, माझ्यापेक्षा हुशार, आज वडिलांच्या दुकानात बसूलालाय. त्याला आकडा सांगून मला काय मिळणार? आणि कमी करून सांगितला तर त्याला कळणार की मी त्याला सांभाळून घेऊलालो. दोन्हीकडून त्याचाच अपमान.

पण एक सांगतो. कंपनीत माझ्या शेजारी बसणारी मुलगी, काम तेच, अनुभव तोच. जेवताना सहज विषय निघाला तेव्हा कळलं की तिला माझ्यापेक्षा बराच कमी पगार आहे. पुढच्या मूल्यमापनाच्या वेळी तिने तो मुद्दा मांडला आणि वाढवून घेतला. आम्ही दोघं गप्प बसलो असतो तर आजही ती कमीच घेत असती. समान कामाला समान वेतनाचा कायदा 1976 मध्येच आला, पण शेजारच्याचा पगारच माहीत नसेल तर कायदा दाखवणार कुठे? गप्प बसण्याचा फायदा दर वेळी पगार देणाऱ्यालाच होतो.

शाळामास्तर_बार्शी
आमचा पगार तर वेतन आयोगाचा, वर्तमानपत्रात छापून येतो. महागाई भत्ता वाढला की किराणा दुकानदार माझ्या आधी मला सांगतो, "गुरुजी, अभिनंदन." मग मी मोकळा असायला पाहिजे ना?

पगार उघडा आहे, पण पगारातून काय जातं ते उघडं नाही. शिक्षक पतसंस्थेचं कर्ज, धाकट्या भावाच्या घराचा हप्ता, वडिलांचं डायलिसिस. हातात काय येतं ते मला आणि बायकोला माहीत. गावात वर्गणी मागायला आले की म्हणतात, "गुरुजींना काय कमी!" तिथे मी माझी पगारपत्रिका काढून कपातीचा रकाना दाखवू का? जमा बोलता येते हो. नावे बोलता येत नाही.

यंत्रमाग_अक्कलकोटरोड
गुरुजी, आमचं नेमकं उलटं. धंद्यात माणूस देणी बोलतो, जमा बोलत नाही.

आडत्याचा_मुलगा
थोडं विषयांतर, पण सांगावंसं वाटतंय. आजोबांबरोबर मी जनावरांच्या बाजाराला जायचो. बैलाचा सौदा तोंडाने होतच नसे. दोन दलाल हातावर उपरणं टाकायचे आणि उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबायचे. वर चेहरा दगडासारखा, तोंडाने "कसं काय, पाऊसपाणी?" आणि खाली बोटांवर हजारांचा हिशेब. मालक शेजारी उभा, त्याच्या बैलाची किंमत त्यालाच ऐकू येत नाही. मी लहान होतो, मला ती जादू वाटायची. मोठा झाल्यावर कळलं की न बोलण्याने कोणाचं पोट भरतं. बाजार समितीत उघड लिलावाची पद्धत आणली ती ह्याचसाठी, की शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव स्वतःच्या कानाने ऐकू यावा. सोलापूरच्या यार्डात कांद्याचा लिलाव एकदा उभं राहून बघा. ओरडून ओरडून घसा बसतो, पण भाव सगळ्यांना कळतो.

कडकभाकरी
विषयांतराला माझा पाठिंबा. यंदा हुरड्याचा भाव कोणी उपरण्याखाली सांगणार का उघड लिलाव?

आडत्याचा_मुलगा
हुरड्याला या, भाव नाही, शेंगाचटणी तेवढी तुमच्याकडून.

माहेर_मंगळवेढा
हुरड्यावरून मंगळवेढ्याची जमीन आठवली. विषय तिथेच आणते, कारण ह्या धाग्यात अजून कोणी बहिणींचं बोललं नाही.

वडील गेल्यावर वर्षश्राद्धाला आम्ही दोघी बहिणी गेलो. जेवणं झाली, आणि भावाने सहज म्हणावं तसं म्हटलं, "उद्या जरा निबंधक कार्यालयात जाऊन येऊ, सातबाऱ्याचं काम आहे, सह्या लागतील." कसलं काम, कसल्या सह्या, कोणी बोललं नाही. मला माहीत होतं, बहिणीला माहीत होतं, वहिनीला माहीत होतं. हक्कसोडपत्र. सगळ्या घराला माहीत असलेली गोष्ट, आणि ती तोंडाने कोणीच म्हणेना. सकाळी गाडीत पुढे भाऊ, मागे आम्ही दोघी, आणि रस्ताभर बोलणं कशाचं, तर यंदा मालदांडी ज्वारी कशी आलीय. कार्यालयाच्या ओट्यावर टंकलेखकाने कागद वाचून दाखवला तेव्हा पहिल्यांदा ते शब्द मोठ्याने ऐकले, तेही परक्या माणसाच्या तोंडून. "स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता."

सही केली मी. जबरदस्ती कोणी केली नाही. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे हे मला ठाऊक होतं. महाराष्ट्राने 1994 मध्ये सुरुवात केली, 2005 मध्ये देशभर झालं, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली शंका काढून टाकली. कायदा ठाऊक होता, पण विचारलं असतं तर माहेर तुटलं असतं, ही भीती त्याहून मोठी. जमीन मला नकोच होती कदाचित. पण "ताई, तुझा हिस्सा इतका होतो, तुझी काय इच्छा आहे?" एवढं वाक्य भावाने माझ्यासमोर बसून म्हटलं असतं तर मी तीच सही आनंदाने केली असती. आजही दिवाळीला ओवाळते त्याला. ओवाळणीत साडी येते, भारी येते. ते न बोललेलं वाक्य मात्र आमच्या मध्ये बसलेलं असतं.

एक_भाऊ
ताई, तुमचं वाचून त्रास झाला. पण भावाच्या बाजूनेही कोणी लिहायला पाहिजे.

माझ्या दोन बहिणींची लग्नं मी कर्ज काढून केली. वडील आजारी होते. ते कर्ज फिटायला माझी सगळी उमेद गेली. बहिणींना मी कधी सांगितलं नाही, कारण सासरी त्यांना ऐकावं लागेल. पुढे जमिनीचा विषय निघाला तेव्हा माझ्या डोक्यात लग्नाच्या कर्जाचा हिशेब, त्यांच्या डोक्यात कायद्याचा हिस्सा. दोघांचेही हिशेब बरोबर, फक्त एकमेकांना दाखवलेले नाहीत. भांडण झालं तेव्हा मी ते कर्ज बोललो, आणि बहीण म्हणाली, "आत्ता सांगतोस?" तिला वाटलं मी आत्ता रचून सांगतोय.

माहेर_मंगळवेढा
@एक_भाऊ, तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं तर ती हप्त्याला हातभार लावत आली असती हो. बहिणीला भावाचं कर्ज कळलं तर ती सासरी मान खाली घालत नाही.

एक_भाऊ
असेल. मला तेव्हा कमीपणा वाटला.

बचतगट_सखी
मी दक्षिण सोलापूर तालुक्यात गटांचं काम बघते. बायकांना पैशाचं बोलता येत नाही असं मला अजिबात वाटत नाही.

गटाची बैठक कशी चालते सांगते. सतरंजीवर गोल बसायचं. सचिव नाव घेऊन वाचते, अमकीची बचत इतकी, कर्ज इतकं, हप्ता आला, हप्ता राहिला. राहिला असेल तर तिने का राहिला ते सांगायचं. पहिल्या एक-दोन बैठकांना सुना पदर तोंडाला लावून बसतात, कारण सासू समोर असते. पुढे त्याच सुना उभ्या राहून सांगतात, "शेळी मेली, पुढच्या महिन्याला दोन हप्ते देते." आणि गट म्हणतो, बरं. कर्ज कशासाठी पाहिजे हेही सगळ्यांसमोर सांगावं लागतं. एकीने सांगितलं होतं, "नवऱ्याने माझं डोरलं गहाण टाकलंय, सोडवायचंय." सगळ्या गप्प झाल्या, आणि मग दुसरीने हात वर केला, "माझं पण." नवऱ्यांना हे माहीतही नव्हतं की ह्या बायकांना माहीत आहे.

तिथे बोलता येतं, कारण प्रत्येकीचं वाचलं जातं. अध्यक्षाचं सुद्धा. घरात एकालाच विचारलं जातं, म्हणून त्याला झडती घेतल्यासारखं वाटतं.

विडीघरकुल
सखी ताई, तुमचे गट चांगले असतील. पण आमच्या भागात फायनान्सवाल्यांचे पण गट आहेत. तिथेही सगळ्यांसमोरच असतं. एकीचा हप्ता चुकला की सगळ्यांना बसवून ठेवतात, पैसे येईपर्यंत उठायचं नाही. बाकीच्या बायका तिलाच बोलतात. माझी भावजय एकदा त्या बैठकीतून घरी आली ती दोन दिवस जेवली नाही. तो मोकळेपणा नाही, ती अब्रू काढणं आहे. तेव्हापासून आमच्या घरात कर्ज म्हटलं की दार लावून बोलतात.

बचतगट_सखी
खरंय तुमचं. आमच्या गटात पैसा बायकांचा स्वतःचा असतो आणि नियम त्यांनीच ठरवलेला असतो. तिथे वसुलीवाला येतो. सगळ्यांसमोर बोलायचं की नाही हे बोलणाऱ्याच्या हातात पाहिजे, हे मान्य.

वकिली_सातरस्ता
मूळ प्रश्नातल्या जामिनाच्या कागदाचं कोणी बोललंच नाही, म्हणून लिहितो.

1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. "मी नुसती सही केली" असं म्हणून सुटता येत नाही. संस्था कर्जदाराला सोडून थेट जामीनदाराच्या मागे लागू शकते. पण काकूंनी घाबरू नये. जामीनदार वारला तर वारसांवर येते ती जबाबदारी त्यांना त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरती. स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या दागिन्यांतून भरायची गरज नाही. आधी संस्थेकडून लेखी उतारा मागा, मूळ कर्ज किती, भरलं किती, थकीत किती. कित्येकदा कर्ज केव्हाच फिटलेलं असतं आणि कागद तेवढा कपाटात राहतो. तोपर्यंत कोणी घरी आलं तर कशावरही सही करू नका.

माझ्या अनुभवात जामीन ही घरात सर्वांत जास्त लपवली जाणारी गोष्ट. कर्ज एक वेळ सांगतात. मित्राला नाही म्हणता आलं नाही, हे सांगत नाहीत.

जुळेसोलापूरची
सगळ्यांचे आभार. काल रात्री हा धागा मी सासऱ्यांना मोबाईलवर वाचून दाखवला. मुद्दाम ठरवून नाही, बिडीचं आणि बैलबाजाराचं त्यांना ऐकायला आवडेल म्हणून. मंगळवेढ्याच्या ताईंचं ऐकताना ते काही बोलले नाहीत. यंत्रमागवाल्या दादांच्या वहीचं ऐकलं आणि म्हणाले, "आमच्याकडे वही पण नव्हती."

मग आपणहून बोलत गेले. पगाराच्या दिवशी मिलच्या गेटवर सावकाराची माणसं उभी असायची. पाकीट हातात पडलं की व्याज तिथेच कापून घ्यायची. उरलेलं घेऊन घरी यायचं आणि आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगायचं, पगार एवढाच. त्यांच्या आईच्या आजारपणासाठी घेतलेलं कर्ज होतं ते. आईंना कळलं तर त्या म्हणतील माझ्या पाटल्या मोडा, म्हणून सांगितलं नाही. कर्ज फिटलं तरी सांगायची सोय राहिली नाही, कारण मग इतकी वर्षं पगार कमी का सांगितला ते सांगावं लागलं असतं. आई गेल्या तरी त्यांना खरा पगार माहीत नव्हता. पुढे मिल बंद पडली आणि आता पेन्शन येते ती हजार-बाराशे. "त्यात काय लिहून ठेवायचं, सूनबाई?" असं म्हणाले. मला इतके दिवस वाटत होतं की ते लपवतात कारण पुष्कळ आहे. त्यांना सांगायची लाज वाटत होती कारण फार नाही.

नवरा शेजारी बसून ऐकत होता. त्यालाही यातलं काही माहीत नव्हतं.

स्मिता_होटगीरोड
ताई, डोळ्यांत पाणी आलं.

पूर्वभागातली
पाटल्या मोडल्या असत्या आईंनी, आणि ओट्यावर सगळ्यांना सांगितलं असतं. आमच्या अम्माने तेच केलं होतं.

झाकलीमूठ
काकांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. बाहेर बोलू नये ह्या मतावर मी अजून ठाम आहे. पण मुलांना एक चिठ्ठी लिहून ठेवायला हरकत नाही असं वाटू लागलंय. कुठे काय आहे एवढंच लिहीन, आकडे नाही.

निवृत्त_बँकवाला
आकडे नकोतच. बँकेचं, संस्थेचं नाव, शाखा, खातं कोणत्या प्रकारचं, नॉमिनी कोण, आणि कोणाला जामीन आहे का, एवढं पुरे. रक्कम कळायला नंतर बँक आहेच. लोक अडतात ते आकड्यापाशी, म्हणून आकडा वगळूनच सुरुवात करायची.

जुळेसोलापूरच्या ताई, काकूंच्या पतसंस्थेच्या पावत्यांचं लवकर बघा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्या सुद्धा, फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. मुदत संपली असेल तर नूतनीकरण करायला लावतील, घाई करून सही देऊ नका, आधी सगळ्या वारसांनी बसून ठरवा.

कडकभाकरी
आज पहिल्यांदा ह्या धाग्यावर मला विनोद सुचत नाहीये. आईला फोन लावतो. तिच्या तांदळाच्या डब्यात काय आहे ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, पण तिने कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही.

यंत्रमाग_अक्कलकोटरोड
डब्यातलं विचारू नका तिला. तो तिचा आहे. बाकीचं विचारा.

कडकभाकरी
पटलं. डबा सोडून.

जुळेसोलापूरची
सोमवारी काकूंना घेऊन दोन्ही पतसंस्थांत जाते. त्यांचा मुलगा येतोय, आणि मंगळवेढ्याच्या ताईंचं वाचून मी काकूंना म्हटलं की लेकीलाही बोलवा, कागद तिच्यासमोर उघडू दे. काकू आधी नको म्हणाल्या, "जावयाला काय वाटेल." मग मुलानेच बहिणीला फोन केला. ती रविवारी रात्रीच्या गाडीने निघतेय. सोबत काय काय न्यायचं?

वकिली_सातरस्ता
मूळ पावत्या, मृत्यूचा दाखला, काकूंचं आणि दोन्ही मुलांचं आधार आणि पॅन, पासबुक असेल तर तेही. प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. मूळ पावती त्यांच्या हातात देऊन येऊ नका. अर्ज दिला की आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. आणि जामिनाच्या उताऱ्याचा अर्ज वेगळा करा.

माहेर_मंगळवेढा
आणि कागद वाचून दाखवायला टंकलेखक नको. घरीच, भावाने बहिणीला वाचून दाखवू दे.